भिंतीवरचे बाबा

४ जून

ताई,

हे पत्र कामाचं आहे. माफीचं नाही आणि भांडणाचंही नाही, म्हणून निदान पहिलं पान तरी वाच. चार वर्षांत तुला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. हे चौथं तू चुलीत घातलंस तरी मी काही म्हणू शकत नाही.

मी अजून त्याच आरोग्य खात्यात आहे. प्रचार विभाग, तिसरा मजला, खिडकीजवळचं चित्रकाराचं टेबल. खात्याने डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये पाहणी केली. चार वर्षं भिंती भरून पोस्टरं लावली, तरी तंबाखू ओढणारे होते तेवढेच आहेत. उलट काही वस्त्यांमधल्या लोकांनी आरोग्य केंद्रात यायचंच कमी केलं. आता वरून हुकूम आलाय की आदिवासी वस्त्यांसाठी नवा संदेश तयार करा, त्यांच्या भाषेत, त्यांना पटेल असा, त्यांना विचारून. बैठकीत हे वाचून झाल्यावर सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. खात्यात ‘त्यांच्यातला’ मी एकटाच.

मी हो म्हणालो. पण ताई, तुझ्यापासून काय लपवू, बोली माझ्या तोंडातून गेली आहे. नवव्या वर्षी वसतिगृहात गेलो, तिथे बोलीत बोललं की सगळे हसायचे. आता कुणी बोललं तर अर्ध्याहून जास्त समजतं, पण बोलायला गेलो की शब्द येत नाही. खात्याकडे एक शब्दांची यादी आहे, कुणा जुन्या अधिकाऱ्याने केलेली. तिच्यावरून मी बारा वाक्यं जुळवली आहेत. कागद सोबत आहे. तू सुईण आहेस, आसपासच्या दहा वस्त्यांत तुझं जाणं-येणं आहे, लोक तुझं ऐकतात. चुकलेलं दुरुस्त करून पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय.

जुन्या पोस्टरवरच्या बाबांच्या फोटोबद्दल तुला काय वाटतं ते मला माहीत आहे. तो फोटो आमच्या विभागाच्या साहेबांनी निवडला होता. ढिगातून त्यांनीच काढला. एवढं सांगतो आणि तो विषय इथेच थांबवतो.

तुझ्या थोरलीचं लग्न झाल्याचं दुसऱ्याकडून कळलं. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ

२३ जून

ताई,

पाकीट मिळालं. चिठ्ठी असेल म्हणून दोनदा झटकून बघितलं. आत माझाच कागद होता. बारापैकी अकरा वाक्यांवर काट, आणि काट अशी की दोन ठिकाणी कागद फाटलाय.

समासात तू लिहिलेलं मी आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या या नव्या कामाच्या प्रमुख आहेत, राजधानीहून आल्यात, मोठमोठे अहवाल लिहितात. ‘तंबाखू म्हणजे मरण’ याच्यापुढे तू लिहिलंस, ‘माहीत आहे.’ ‘मुलाबाळांचा विचार करा’ याच्यापुढे, ‘तुम्ही करता?’ आणि ‘अडाणीपणा सोडा’ याच्यापुढे, ‘आधी तू सोड.’ बाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाल्या, “या बाईंना आपल्या विभागात नोकरी देता येईल का?” मी म्हटलं, त्या येणार नाहीत.

बाराव्या वाक्यावर काट नव्हती, नुसता गोल होता. जुन्या पोस्टरच्या खाली बोलीत लिहिलेली ओळ, तीच मी पुन्हा उचलली होती. यादीतून घेतली होती, म्हणून शंका आली नाही. तू खाली लिहिलंस, ‘याचा अर्थ आठव.’

दोन दिवस आठवेना. तिसऱ्या दिवशी दाढी करताना आठवलं. आठवले ते बाबा, संध्याकाळी अंगणाच्या कडेला उभे राहून पलीकडच्या घराकडे तोंड करून हाक मारणारे. “बसायचं का रे?” पलीकडून काका “आलो” म्हणायचे आणि येताना तंबाखूची पिशवी घेऊन यायचे. चिलीम ओढण्याला आपल्या बोलीत वेगळा शब्दच नाही. ‘बसणं’ म्हटलं की चिलीम आलीच. ज्याने यादी केली त्याने कुणाला तरी विचारलं असेल, हे लोक काय करतायत? उत्तर मिळालं असेल, बसलेत. त्याने तंबाखू ओढण्यापुढे ते लिहून टाकलं.

म्हणजे चार वर्षं सरकार आपल्या लोकांना भिंतीभिंतीवरून सांगत होतं, ‘एकमेकांजवळ बसणं बंद करा, नाहीतर मराल.’ ती अक्षरं मी स्वतः ब्रशने काढली होती. वळणदार आली म्हणून साहेबांनी कौतुक केलं होतं.

बाईंनी विचारलं, “मग धूर ओढू नका हे तुमच्या भाषेत सांगायचं कसं?” मी म्हटलं, बहिणीला विचारतो. विचारतोय.

तुझा भाऊ

१२ जुलै

ताई,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितोय.

काल बाईंनी मला नदीपलीकडच्या वस्तीत नेलं. तिथे आपलीच बोली बोलतात, थोडी हेल काढून. शाळेच्या ओसरीवर वीसेक माणसं जमली होती, बायका जास्त. बाईंची पद्धत अशी की जुनं पोस्टर समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे बघून काय वाटतं? मी म्हटलं होतं, जुनं कशाला, नवी चित्रं दाखवू. त्या म्हणाल्या, कुठे चुकलो ते आधी कळलं पाहिजे.

मग पोस्टर उलगडायचं काम माझ्याकडेच आलं. बाबा उघड्या अंगाने, बरगड्या मोजून घ्याव्यात असे, हातात चिलीम, डोळे कॅमेऱ्याकडे. वर लाल अक्षरात ‘अडाणीपणा जीव घेतो’. मी दोन्ही हातांनी ते धरून उभा होतो, त्यामुळे माझं तोंड कागदामागे होतं. बरं झालं.

एक म्हातारी म्हणाली, “याला अंगात घालायला काही नव्हतं का?”

बाई म्हणाल्या, “आजी, तंबाखूने काय होतं ते दिसावं म्हणून तसा फोटो आहे.”

“ते दिसतंय हो. मी विचारते, फोटो काढणाऱ्याच्या अंगात सदरा होता ना? मग याच्या का नाही?”

दुसरी एक, मांडीवर मूल घेऊन बसलेली, म्हणाली, “आमच्या केंद्रातही हाच लावलाय. माझा नवरा म्हणतो, खोकला दाखवायला गेलो तर आपलाही असाच फोटो काढून लावतील. म्हणून तो जात नाही.”

बाई भराभर लिहून घेत होत्या. म्हातारीचं अजून संपलं नव्हतं. ती पुढे आली, पोस्टरला बोट लावून म्हणाली, “हा कुणाचा तरी बाप असेल. याच्या घरात कुणी नाही का? पोरंबाळं कुठे होती याची?”

त्यानंतर चहा आला आणि लोक उठले. बाकी सगळं बरं झालं. बाईंना पुष्कळ मजकूर मिळाला.

तुझा भाऊ

१३ जुलै

ताई,

कालचं पत्र सकाळीच पेटीत टाकलं आणि खात्यात येऊन बसलो, पण हात चालेना. ‘बाकी सगळं बरं झालं’ हे खोटं आहे. म्हातारीने पोरं कुठे होती म्हणून विचारलं तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि गप्प बसलो. कागदामागे उभा राहिलो.

पहिल्या पत्रातलंही खोटं आहे. फोटो साहेबांनी ढिगातून काढला नाही. ढीग नव्हताच. साहेबांना ‘खराखुरा माणूस’ हवा होता आणि मुदत चार दिवसांवर आली होती. बाबा तेव्हा छातीच्या तपासणीसाठी आले होते, माझ्या खोलीवर उतरले होते. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. सदरा काढा म्हटलं. ते म्हणाले, “कशाला रे?” मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवायचंय. चिलीम हातात धरा म्हटलं. त्यांनी विचारलं, “डॉक्टरांना चिलीम पण दाखवायची?” आणि हसले. हसू नका म्हटलं.

मग संमतीचा कागद. फोटो छापायला माझी हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. मी तो वाचून दाखवला नाही. औषधाचा कागद आहे म्हणालो. त्यांनी अंगठा पुढे केला, मी शाई लावली आणि धरून टेकवला.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. खात्यात सगळे समजतात की बाबांनी आनंदाने परवानगी दिली. मला त्या पोस्टरबद्दल बढती मिळाली, ताई.

आणखी काय लिहावं ते कळत नाही.

बारक्या

३० जुलै

बारक्या,

मला लिहायला वेळ लागतो, म्हणून थोडक्यात लिहीन म्हणत होते. जमेल असं वाटत नाही.

अंगठ्याचं मला माहीत होतं. बाबा तुझ्याकडून आले तेव्हा अंगठा काळा होता, मीच राखेने घासला, तरी तीन दिवस शाई गेली नाही. म्हणाले, “बारक्याने औषधाच्या कागदावर घेतला.” नंतर पोस्टर बघितलं आणि मला हिशेब लागला. तू समजतोस मी फोटोसाठी बोलत नाही. फोटोचा राग होताच. पण फोटो काढणारी माणसं चुकतात, माफही होतात. मी बघत होते तू स्वतःच्या तोंडाने कधी सांगतोस. चार वर्षं लागली. तुझ्या आधीच्या तीन पत्रांत हवापाणी होतं, तुझ्या खोलीचं वर्णन होतं, आणि साहेबांनी निवडला, साहेबांनी निवडला.

आता तुला माहीत नाही ते मी सांगते.

पोस्टर आपल्या आरोग्य केंद्रात लागलं, बाकासमोरच्या भिंतीवर. मी बाबांना औषधाला घेऊन गेले, रांगेत आमचा तिसरा नंबर होता. बाबांनी वर बघितलं. आधी ओळखलं नाही. मग म्हणाले, “हा मी आहे ना?” मी हो म्हटलं. “काय लिहिलंय?” मी म्हटलं, लिहिलंय की हा माणूस औषध घेतोय आणि बरा होतोय. त्यांना बरं वाटलं. शेजारच्यालाही सांगितलं, माझ्या पोराने लावलाय.

तो शेजारचा शिकलेला होता. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. वरचं वाचलं, खालचं बोलीतलंही वाचलं. रांगेत लोक हसले. वाईट मनाने नाही हसले, ‘बसू नका’ वाचून हसू येणारच. पण हसले. बाबांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर घेतला आणि आमचा नंबर येईपर्यंत तसेच बसून राहिले. औषध घेतलं. नर्सला नमस्कारही केला.

त्यानंतर ते कधीच केंद्रात गेले नाहीत. मी रडले, ओरडले, तुझे भाऊजी पाठीवर उचलून न्यायला तयार होते. एकच म्हणायचे, “तिथे मी आहेच की भिंतीवर. आणखी कशाला जाऊ?” मी जाऊन औषध मागितलं तर म्हणाले, पेशंटला बघितल्याशिवाय देता येत नाही. पाच महिने काढले त्यांनी.

छातीत रोग होता तो तंबाखूचा. तुझ्या पोस्टरने तो दिला नाही, हे मी चुलीसमोर एकटी बसून शंभरदा स्वतःला सांगितलंय. पण औषध तुटलं ते पोस्टरने. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. रडत बसू नकोस, कामाचं सांगते.

तुला शब्द पाहिजे. माझ्याकडे आहे. पण आधी ती पोस्टरं खाली आली पाहिजेत. सगळी. शिपायाला पाठवून नाही. तू काढ, तुझ्या हाताने. आपल्या केंद्रातलं सोड, ते मी त्याच आठवड्यात फाडलं, तरी बाबांना ते तिथेच दिसत राहिलं.

ताई

११ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही करू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो आणि अंगठ्याचं सांगितलं. ते उठून दार लावून आले.

“हे कुणाला सांगितलंस?”

“बहिणीला.”

“मग ठीक आहे. हे बघ, तुझे वडील होते. आता ते नाहीत. तक्रार करणार कोण? तूच ना? मग नको करूस.”

“मी लेखी देणार आहे, साहेब.”

“लेखी देऊ नकोस. तुझं भलं सांगतोय.”

लेखी दिलं. चौकशी लागली आहे. तोवर मला गोदामात बसवलंय, तळघरात, जिथे जुनी पत्रकं आणि मोडक्या खुर्च्या असतात. डॉक्टरीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली आल्या आणि पोस्टरं कुठे कुठे लावली त्याची यादी माझ्या हातात देऊन गेल्या. त्रेसष्ट ठिकाणं. मी साठवलेली सगळी रजा टाकली.

एकोणसाठ झाली. काही ठिकाणी सोपं गेलं, चार टाचण्या काढल्या की झालं. एका केंद्रात ते कपाटाच्या फळीवर अंथरलेलं होतं, वर औषधाच्या बाटल्या. त्या एकेक उचलून ठेवाव्या लागल्या. एका शाळेत मुलांनी बाबांना पेनाने मिशा काढल्या होत्या आणि सदरासुद्धा, बटणांसकट. तो कागद मी घडी करून जवळ ठेवलाय. लोक विचारायचे, का काढताय, नवीन येणार का? सुरुवातीला मी ‘खात्याचं काम’ म्हणायचो. नंतर खरं सांगायला लागलो, हे माझे वडील आहेत, त्यांना न विचारता लावले होते. कुणीही मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एका केंद्रातल्या सफाईवालीने फक्त स्टूल आणून दिलं आणि ते धरून उभी राहिली.

सगळ्यात कठीण गेलं बसच्या थांब्यावरचं. तिथे कागद नाही, भिंतच रंगवली होती, दोन पुरुष उंच. तीही मीच रंगवली होती. चुन्याची बादली आणि शिडी घेऊन गेलो. पहिला हात मारला तरी डोळे दिसत होते. दुसरा हात मारला. वाळल्यावर पुन्हा दिसायला लागले. थांब्यावर बसलेले लोक गप्पा थांबवून बघत होते. तिसऱ्या हाताला गेले. खाली उतरलो, शिडीला टेकून उभा राहिलो आणि खिशातून सिगरेट काढून पेटवली. दोन झुरके घेतल्यावर लक्षात आलं मी काय करतोय.

हेही सांगायचं राहून गेलं होतं. मी दिवसाला दहा-बारा ओढतो. आमचा अख्खा प्रचार विभाग मागच्या जिन्यात ओढतो. तंबाखूविरुद्धची सगळी वाक्यं तिथेच सुचतात. आता चारवर आलोय. शून्यावर आलो असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं.

चार ठिकाणं उरली आहेत, येत्या आठवड्यात होतील.

बारक्या

२० ऑक्टोबर

बारक्या,

उरलेली चारही उतरल्याचं कळलं. तुझी डॉक्टरीणबाई येऊन गेली. आवाज टिपायचं यंत्र आणलं होतं आणि म्हणाली, अर्ध्या तासाचं काम आहे. मी तेव्हा वरच्या वस्तीत बाळंतपणाला निघाले होते. म्हटलं, चला बरोबर. पहिलटकरीण होती, दीड दिवस लागला. बाईंनी पाणी तापवलं, चादरी धुतल्या, एकदा चक्कर येऊन भिंतीला टेकल्या. पण पळून गेल्या नाहीत. मला आवडल्या.

त्या घरात त्यांनी जे बघितलं ते तुमच्या पाहणीत नसेल. आत खोली हाताएवढी, पोरगी कळा देतेय, आणि सासरा नि त्याचे दोन भाऊ दारातच बसून चिलीम फिरवतायत. काळजीने बसलेले. त्यांना घरात दुसरं काही करता येत नाही, निदान जवळ तरी बसावं म्हणून. धूर सगळा आत. बाई माझ्या कानात म्हणाल्या, “यांना सांगा ना बाहेर जा म्हणून.” मी म्हटलं, बाहेर जा म्हटलं तर त्यांना वाटेल तुम्ही आमचे कुणी नाही. तसं नाही सांगायचं.

मी दारात गेले आणि चुलीशी खेळणाऱ्या पोराला आपण म्हणतो तेच म्हटलं. तुला आठवतं का रे? आई म्हणायची. चुलीत ओलं लाकूड पडलं, धूर झाला, की हाताला धरून मागे ओढायची आणि म्हणायची, “धूर गिळू नकोस.” हाच तो शब्द, धूर गिळणं. त्यात कुणी अडाणी नसतं आणि कुणी मरतही नसतं. मायेच्या माणसाचं बोलणं आहे ते. मी म्हटलं, “बाबांनो, बसा, पोरीला तुमचा आधार आहे. पण तिला धूर गिळायला लावू नका. येणाऱ्यालाही नको.” त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मोठ्या भावाने चिलीम उपडी केली आणि तिघंही तिथेच बसून राहिले. हातांचं काय करावं ते कळेना त्यांना. मग मी तिघांना दोरी वळायला दिली. लागणार नव्हती, पण दिली.

परत आल्यावर आपल्या वस्तीत बैठक झाली. सोपी नव्हती. म्हातारे म्हणाले, पाहुण्यापुढे चिलीम धरली नाही तर तो काय समजेल? पलीकडचे काका, बाबांच्या जोडीला बसायचे ते, सगळ्यांत चिडले. म्हणाले, “आमच्याकडून जंगल घेतलं, बोली घेतली, आता संध्याकाळ पण घेता का?” बाईंनी लिहिणं थांबवलं. मी म्हटलं, काका, संध्याकाळ तुमचीच आहे. बाबा गेल्यापासून तुम्ही एकटेच ओढता, मी रोज बघते. कुणी येतं का तुमच्याजवळ बसायला? ते म्हणाले, “तो होता तेव्हा चिलीम विझली तरी आम्हाला कळायचं नाही.” त्यांनी चिलीम सोडलेली नाही. पण यंत्रात सुरुवातीचा आवाज त्यांचा आहे. हाक मारतात, “बसायचं का रे?” त्यांनी स्वतः मागून घेतलं ते. त्यांच्यानंतर मी बोलते. “बसा. खुशाल बसा. धूर गिळू नका, दुसऱ्यालाही गिळायला लावू नका.” बस एवढंच. फोटो नाही, चित्र नाही. तुला काम उरलं नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

आता आरोग्याची गाडी वस्त्यांमधून माझा आवाज वाजवत फिरते. तुझे भाऊजी म्हणाले, “घरात कमी होता म्हणून का आता रस्त्यावर पण?”

मीही ओढायचे, तुला माहीत आहे. बाराव्या वर्षी बाबांनीच जवळ बसवून दिली होती. सतरा दिवस झाले हात लावला नाही. डोकं दुखतं आणि सगळ्यांवर खेकसते. मी हे का सांगते, तू चारवर आहेस ना, म्हणून.

ताई

१८ डिसेंबर

ताई,

चौकशीचा निकाल लागला. बढती काढून घेतली, नोकरी राहिली. लेखी माफी सगळ्या केंद्रांत वाचली जाणार आहे, खात्याच्या नावाने. मी म्हटलं, माझ्याही नावाने वाचा. साहेबांची बदली झाली, त्याचा याच्याशी संबंध नाही असं म्हणतात. खात्याने नियम केलाय की यापुढे संमतीचा कागद त्या माणसाच्या बोलीत, त्याच्या घरच्या कुणासमोर मोठ्याने वाचायचा. वाचायला मी जातो. बोली परत शिकतोय. नदीपलीकडच्या त्या म्हातारीकडे गेलो होतो, त्या दिवशी कागदामागे मी होतो हे सांगायला. ती म्हणाली, “मला तुझे पाय दिसत होते की. थरथरत होते.”

लोकांनी किती सोडली ते बाईंनी विचारून ठेवायला सांगितलंय. तुझ्याकडचं कळव. खरं असेल तेच.

बारक्या

२६ जानेवारी

बारक्या,

खरं लिहिते. आपल्याकडे चाळीस घरं. पूर्ण सोडलेली माणसं अकरा. तुझे भाऊजी अकरांत नाहीत, ते दोनदा सोडून दोनदा परत आले, आता तिसऱ्यांदा सोडली आहे आणि कपाळाला आठ्या घालून फिरतात. पण घरात ओढणं जवळजवळ थांबलंय. जिथे लहान मूल आहे किंवा बाई गरोदर आहे तिथे तर आता पाहुणाच विचारतो, बाहेर बसू का? केंद्रात लोक परत जायला लागलेत. काकांनी खोकला दाखवला, त्यांना औषध चालू झालं. तुमच्या अहवालाला हे थोडं वाटेल. आम्हाला थोडं नाही.

आता दुसरी बातमी. थोरली बाळंतपणाला आली होती. मंगळवारी सकाळी मुलगी झाली. मीच सोडवली. दुसऱ्यांची तीनशे सोडवली, पण स्वतःच्या पोरीच्या वेळी पाणी तापलंय का ते तीनदा विचारलं. खोली स्वच्छ होती. बाळ नुसत्या हवेत रडलं, खणखणीत. मी या घरात इतका मोकळा वास कधी घेतला नव्हता.

दुपारी व्याही आले नात बघायला. जुन्या वळणाचे आहेत, मानपान पाहणारे. दारातच त्यांनी कंबरेची चिलीम काढली. म्हटलं, आता बोलावं तर पाहुण्याचा अपमान आणि न बोलावं तर मी गाडीवर काय बडबडते? मी बोलायच्या आत थोरली आतून म्हणाली, “मामंजी, आधी हिला बघा, मग बसा.” ते थबकले. चिलीम पायरीवर ठेवली, हात धुतले आणि आत आले. बाळ हातात घेऊन इतका वेळ बसले की उठायला लावावं लागलं. नंतर बाहेर जाऊन ओढलीच त्यांनी, अंगणाच्या टोकाला. तुझे भाऊजी शेजारी जाऊन बसले, नुसतेच.

तू आजोबा झालास. थोरली विचारते, मामा कधी येणार? मी तिला तुझं सगळं सांगितलंय, लपवलेलं काही नाही. तरी विचारते.

तर ये. गाडी दुपारी बाराला थांब्यावर पोचते, भाऊजी न्यायला येतील. बाबांचं अंथरूण काढून झाडून ठेवलंय, त्यावर झोप. मात्र राग गेलाय असं समजून येऊ नकोस. माझा राग आहे अजून, इतक्यात जायचाही नाही. पण घरात जागा आहे, तू नि तो राग, दोघंही मावाल.

ताई